पायाला वाचता येत नाही

गेल्या गणपतीत एका सोसायटीच्या मांडवात माझ्या मित्राच्या बँडचा कार्यक्रम होता. स्टेजवर मागे मूर्ती, म्हणून चपला-बूट खाली काढून वर जायचं. ड्रमर अनवाणी, गाणारी अनवाणी आणि गिटार वाजवणारा माझा मित्रही अनवाणी. त्याच्या पुढ्यात जमिनीवर एक काळा खोका होता. आठ बटणं, बोटभर स्क्रीन, मागून निघालेली एक केबल. तो खोका मी बनवला होता. चार महिने, ऑफिस सुटल्यावर, रात्री.

दुसऱ्या गाण्यात सोलो आला. मित्राने नेहमीच्या बटणावर पाय दिला. गिटारचा आवाज फुलायला हवा होता, तो एकदम कोरडा झाला. त्याने पुन्हा दाबलं. आता तिसराच आवाज. तो वाकून स्क्रीनकडे बघायला लागला, पण हॅलोजनच्या झोतात स्क्रीनवरचं काहीही दिसत नव्हतं. सोलो तसाच गेला. पुढे खुर्च्यांवर बसलेल्या काका-काकूंना फार काही कळलं नसेल. मला कळलं, कारण नेमकं काय झालंय हे त्या मांडवात सांगू शकणारा मी एकटाच होतो. पहिलं गाणं संपल्यावर टाळ्या चालू असताना त्याचा पाय एका बटणावर तसाच विसावला होता. माझ्या कोडप्रमाणे बटण ८०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त दाबलं गेलं की बँक बदलते, म्हणजे आठही बटणांचे अर्थ बदलतात. बँक बदलली होती. कोडमध्ये एकही बग नव्हता. खोक्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

सामान आवरताना मित्र एवढंच म्हणाला, "अरे, तुझा खोका हुशार आहे. मला हुशार नकोय."

हे वाक्य पचायला मला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी अशा खोक्यांबद्दल मिळेल ते वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली. यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण ते सगळं रिव्ह्यू या जातीचं असतं. किती प्रिसेट, किती इनपुट, पत्रा की प्लास्टिक, किंमत किती. कादंबरीबद्दल कुणी 'पानं ३१२, कागद चांगला' एवढंच लिहून थांबलं तर आपण हसू. ही वस्तू वापरणाऱ्या माणसाला काय समजते, त्याच्या शरीराबद्दल तिची काय कल्पना आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या लेखात मी तो विचारून बघतोय. माझा स्वतःचा खोकाही त्यातून सुटणार नाही.

ज्यांचा या दुनियेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत पोचायच्या आधी मधल्या काही यंत्रांतून जातो. कुठे तो फाटतो, कुठे त्याचा प्रतिध्वनी होतो, कुठे तो लाटेसारखा हलतो. ही यंत्रं गाण्याच्या मधोमध चालू-बंद करावी लागतात आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. उरतात पाय. १९६२ साली मॅस्ट्रो कंपनीचं एफझेड-१ हे फझचं पेडल बाजारात आलं, त्यावर पायाने दाबायचं बटण होतं. तेव्हापासून गिटारवाल्याच्या पायाशी एकेक डबी वाढत गेली. डब्या खूप झाल्या, मग काही यंत्रं कपाटाएवढी झाली, आणि त्या सगळ्यांना एका जागेवरून हुकूम देणारा वेगळा खोका आला. तोच फूट कंट्रोलर. त्यातून स्वतःचा आवाज निघत नाही. तो फक्त निरोप पाठवतो.

आता पायाचं बघू. पायाला काय येतं? पायाला जागा कळते. जोर कळतो, टाच आणि चवडा यांतला फरक कळतो, ताल तर हातापेक्षा आधी कळतो. पायाला अक्षर कळत नाही. गाडी चालवताना क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांवर कुणी नावं लिहिलेली नसतात आणि लिहिली तरी कुणी वाचणार नाही. आता अशी गाडी डोळ्यांसमोर आणा, की ब्रेक जरा जास्त वेळ दाबून धरला तर त्याचा ॲक्सिलरेटर होतो. डॅशबोर्डवर त्याची सूचना येते म्हणा, बारीक अक्षरांत. मी माझ्या मित्राला हीच गाडी दिली होती.

आपल्याकडे संगीतात पायाचा वापर नवा नाही. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे ऑर्गन असायचा. त्याचा भाता पायाने चालायचा. पायाचं काम एकच, हवा भरत राहायचं. काही ऑर्गनना गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या असत, त्यांनी आवाज लहान-मोठा व्हायचा. सूर कुठला लावायचा हा निर्णय हाताचा, पायाकडे फक्त श्वास. माझ्या आजीच्या शिलाई मशीनचंही तसंच होतं. पाय चालतो तोवर सुई चालते, पाय थांबला की थांबते. पायाने काय केलं आणि यंत्राने काय केलं यांत कुठलीही लपलेली पायरी नाही.

याच जातीचं एक इलेक्ट्रिक यंत्र आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर. वाह पेडल. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाच्या इंजिनिअरने एक सर्किट केलं. गोल नॉब फिरवला की आवाजातला ठसठशीत भाग खालून वर सरकायचा. हे सर्किट व्हॉक्सच्या ऑर्गनला असणाऱ्या आवाज कमी-जास्त करायच्या पेडलच्या सांगाड्यात बसवलं गेलं. टाच खाली गेली की आवाज 'ऊ', चवडा खाली गेला की 'आ'. त्या क्षणी यंत्र कुठल्या स्थितीत आहे हे समजायला बघावं लागत नाही, कारण यंत्राची स्थिती म्हणजेच घोट्याचा कोन. दोष नाही असं नाही. चवडा पूर्ण दाबल्यावर खाली एक स्विच लागतो आणि पेडल चालू किंवा बंद होतं, आणि जुन्या वाह पेडल्सवर दिवा नसायचा. म्हणजे इतकं प्रामाणिक यंत्र, आणि तेसुद्धा एक गोष्ट लपवतंच. पण एकच.

दुसरी कौतुकाची वस्तू म्हणजे जपानच्या बॉस कंपनीने १९७७ साली आणलेली छोटी पेडल्स. अगदी कधीही गिटार न धरलेल्या माणसानेही ती कुठेतरी पाहिलेली असतात. तळहाताएवढी, प्रत्येकाचा रंग वेगळा. यांतली खुबी रंगात नाही. बहुतेक पेडल्सवर धातूचं छोटं गोल बटण असतं. ते मुळात बोटाचं बटण. पायाचं वजन झेलायला जाड केलेलं, पण बोटाचंच. बॉसने पेडलचा पुढचा अर्ध्याहून मोठा भाग हाच रबर लावलेला दाबायचा पत्रा केला. पाय कुठेही पडू दे, बटण दाबलं जातं. नॉब मागे आणि किंचित खाली बसवलेले, त्यामुळे पायाचा धक्का लागून आवाज बिघडायची भीती कमी. म्हणजे एकाच डबीवर पायाची जागा आणि हाताची जागा वेगळी काढून दिलेली. मांडवात अनवाणी उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. धातूच्या गोल बटणावर अनवाणी तळवा सलग दोन तास मारून बघा. बूट घातलेला पाय गृहीत धरून केलेली ती वस्तू आहे. मीही तीच बटणं वापरली होती, बुधवार पेठेतून डझनाच्या भावाने आणून. मित्राच्या पायाकडे मी चार महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आता जिथे गोष्ट बदलली तिथे येऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ नावाच्या माणसाने स्टुडिओत वाजवणाऱ्या गिटारवाल्यांसाठी नवी मांडणी बनवायला सुरुवात केली. त्यांची अडचण खरी होती. सहा-सात पेडल्स ओळीने ठेवलेली, आणि कडव्यातून ध्रुवपदावर येताना तीन बंद करून दोन चालू करायची. एका मात्रेत पाच ठिकाणी पाय. ब्रॅडशॉने पेडल्स उचलून मागच्या रॅकमध्ये ठेवली, प्रत्येकाला आत-बाहेर करणारे स्विच तिथेच बसवले, आणि वादकाच्या पुढ्यात फक्त हुकूम देणारी पाटी ठेवली. एक बटण दाबा, पाचही गोष्टी एकदम बदलतील.

ही सोय अफाट होती. तिची किंमत काय पडली ते उशिरा कळतं. तोवर पाय ज्या वस्तूवर पडायचा तीच वस्तू वाजायची. आता वस्तू मागे गेली आणि पायाखाली तिचं नाव उरलं. नाव बदलता येतं. आज या बटणाचा अर्थ 'डिले', उद्या 'तिसऱ्या गाण्याचं कडवं'. ब्रॅडशॉला हे उमगलं असावं असं मला वाटतं, कारण त्याच्या कंट्रोलरवर अशा एकगठ्ठा बटणांबरोबर एकेका इफेक्टची थेट बटणंही असत, प्रत्येकाचा दिवा वेगळा. नावांच्या गर्दीत काही वस्तू वस्तूच राहू दिलेल्या.

पुढे आला मिडी. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ठरलेली ही भाषा, जी आजही जवळपास तशीच चालते. माझ्यासारख्या माणसाला मिडीबद्दल वाईट बोलणं जड जातं. सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट पाठवायला ३२० मायक्रोसेकंद. 'हा इफेक्ट चालू कर' हा तीन बाइटचा निरोप एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. आठवड्याच्या सुट्टीत पूर्ण वाचून कोड लिहिता येईल इतकी लहान. चाळीस वर्षं टिकलेली अशी किती सॉफ्टवेअरं आपण पाहिली आहेत?

पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या थेट पायाखाली येऊन टोचतात. पहिली आकड्यांची. आवाज बदलायचा निरोप म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. काही यंत्रं स्क्रीनवर ० पासून मोजतात, काही १ पासून. म्हणजे तुम्ही १२ पाठवलं तर समोरचं यंत्र १३ दाखवू शकतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रोग्रामर मंडळी यावर विनोद करतात. वादक तालमीच्या खोलीत रात्री साडेदहाला, शेजारी दार वाजवायच्या आत, हेच निस्तरत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. मिडीची केबल एका दिशेने बोलते. कंट्रोलर म्हणतो, 'डिले चालू कर,' आणि स्वतःवरचा दिवा लावतो. डिले खरंच चालू झाला का, हे त्याला कुणी सांगत नाही. परतीची वेगळी केबल लावून, दोन्ही यंत्रांना ती बोली येत असेल तर, हे साधता येतं. पण सर्रास चित्र हेच. म्हणजे बटणावरचा दिवा वस्तुस्थिती दाखवत नसतो, कंट्रोलरची समजूत दाखवत असतो. मागच्या यंत्रावर कुणी हाताने काही बदललं, केबल क्षणभर सुटली, की समजूत आणि वस्तुस्थिती वेगळ्या होतात. पायाला वाचता येत नाही म्हणून आपण दिवा दिला, आणि तो दिवा ऐकीव माहितीवर जळतो.

या सगळ्याचं टोक पाहायचं तर बेहरिंगरच्या एफसीबी१०१० कडे यावं लागतं. या प्रकारातलं ते जणू लोकप्रिय पुस्तक आहे, आणि त्याची गोष्ट मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त बोलकी वाटते. दहा बटणं, वर-खाली जायची दोन, आणि पायाने हलवायची दोन मोठी पेडल्स. दहा बँका, प्रत्येकीत दहा प्रिसेट, म्हणजे शंभर जागा. एका दाबण्यात पाच वेगवेगळ्या यंत्रांना निरोप. हे सगळं इतर कंट्रोलरांच्या मानाने स्वस्तात. ज्यांना ब्रॅडशॉचं नाव घेणंही परवडणार नव्हतं अशा असंख्य लोकांच्या पायाखाली यामुळे शंभर आवाज आले. ही गोष्ट आधी मान्य करायला हवी. डिझाइनच्या गप्पा मारणारे लोक स्वस्त वस्तूंना फार लवकर नावं ठेवतात.

आता त्याचं मॅन्युअल उघडा. कुठल्या बटणाने काय पाठवायचं हे भरायचं असेल तर 'डाउन' बटण दोन-अडीच सेकंद दाबून धरायचं. मग तीच दहा बटणं, जी आत्तापर्यंत आवाज होती, ती आकडे होतात. बटण ७ म्हणजे आता सात. कुठला निरोप, कुठला क्रमांक, कुठली किंमत, हे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर 'अप' दाबून पुढे जात भरायचं. हे सगळं दाखवायला कॅल्क्युलेटरसारखा छोटा आकड्यांचा डिस्प्ले आणि बाजूला काही बारीक दिवे. थोडक्यात, हा एक फॉर्म आहे आणि तो पायाने भरायचाय. लोक गुडघ्यावर बसून हाताने भरतात, ते वेगळं. कॉम्प्युटरवरून भरायची सोय लोकांनी नंतर स्वतः केली.

नुसती खिल्ली उडवायची नाहीये. हा फॉर्म लिहिणाऱ्या इंजिनिअरला मी ओळखतो, कारण मी तोच आहे. त्याच्याकडे बारा बटणं आहेत आणि एक चिप. आणखी बटण हवं तर पत्र्याला भोक पाडावं लागतं, खोका लांब होतो, किंमत वाढते, शेजारच्या दोन बटणांत पाऊल मावेल एवढी जागा लागते. आणखी बँक हवी तर कोडमध्ये एक व्हेरिएबल. बटणाला पैसे लागतात, बँकेला लागत नाहीत. म्हणून जगातल्या सगळ्या फूट कंट्रोलरांत बँका वाढत जातात. निदान लिहिणाऱ्याला तरी त्या फुकट पडतात.

याहून रंजक आहे ते पुढे घडलं. एफसीबीच्या आतली चिप सॉकेटमध्ये बसवलेली आहे, स्क्रू काढून ती उपटता येते. कंपनीबाहेरच्या लोकांनी तिच्यासाठी नवा प्रोग्राम लिहिला, युनो नावाने, आणि नवी चिप विकायला ठेवली. गिटारवाल्यांनी, ज्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी कधी सर्किट उघडून पाहिलं नसेल, पेचकस घेऊन खोके उघडले आणि चिपा बदलल्या. त्यांनी कशासाठी एवढं केलं? आणखी बँकांसाठी नाही. युनोतली सर्वांत मागणी असलेली सोय अशी, की वरच्या ओळीतली पाच बटणं साध्या पेडल्ससारखी वागतात. दाबलं, चालू, दिवा लागला. पुन्हा दाबलं, बंद, दिवा गेला. खालची पाच आवाज निवडायला. म्हणजे लोकांनी शंभर नावांतली बरीच परत देऊन पाच वस्तू मागून घेतल्या. वाचकांनी पुस्तक उसवून मधलं प्रकरण बदलून पुन्हा शिवावं तसं हे आहे. कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा ही जास्त नेमकी समीक्षा आहे असं मला वाटतं, आणि ती पेचकसाने लिहिलेली आहे.

अलीकडच्या यंत्रांनी या समीक्षेतून काही घेतलं. लाइन सिक्सचं हेलिक्स २०१५ मध्ये आलं. त्याच्या बटणांना नुसता हात लागला तरी कळतं. हाताने नुसतं शिवलं की तो इफेक्ट संपादनासाठी स्क्रीनवर येतो, पायाने दाबलं की वाजतो. हात आणि पाय या दोन वेगळ्या इंद्रियांनी एकाच बटणाशी दोन वेगळी बोलणी करायची, ही कल्पना खरोखर देखणी आहे. बटणाभोवती रंगीत कडं, आणि वर एक पट्टी, जिच्यावर बटणाचं आजचं नाव उमटतं. कडं मला पटतं. रंग डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो. पट्टीबद्दल शंका आहे. पाच-साडेपाच फुटांवरून, गात असताना, वाचायचं? ती पट्टी दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी फार चांगली आहे.

त्याच कंपनीचं तीन बटणांचं एचएक्स स्टॉम्प बघितलं की जुना मोह पुन्हा दिसतो. इवल्याशा डबीत अख्खा स्टुडिओ, आणि तीन बटणं वेगवेगळ्या अवस्थांत वेगवेगळी कामं करतात. पुढे त्याचं आठ बटणांचं मोठं भावंड काढावं लागलं, यातच काय ते आलं.

'अवस्था' हा शब्द आला म्हणून एका माणसाबद्दल सांगायला हवं. लॅरी टेस्लर. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत काम करायचा. कट, कॉपी, पेस्ट हे आपण जे रोज करतो ते ज्यांच्यामुळे, त्यांतला एक. २०२० साली वारला. एकच कळ कधी हे काम करते तर कधी ते, याला तो मोड म्हणायचा, आणि मोडविरुद्ध त्याने आयुष्यभर मोहीम चालवली. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' लिहिलं होतं. त्याचा मुद्दा साधा होता: माणूस चुकतो तेव्हा बहुतेकदा तो काय करायचं हे विसरलेला नसतो, यंत्र आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे विसरलेला असतो. मी कॉलेजात हे वाचलं होतं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही असेल.

आणि तरी मी लाँग प्रेस घातला. त्याची गंमत सांगायलाच हवी, कारण मांडवातल्या फजितीपेक्षा हा गुन्हा मोठा आहे आणि तो मला नंतर सापडला. तालमींमध्ये मित्र सारखा म्हणायचा, "किंचित उशिरा लागतंय." मी मोजून दाखवायचो. निरोप एका मिलिसेकंदात जातो. बटणाच्या धातूच्या पट्ट्या दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरतात, तेवढं थांबून खात्री करावी लागते, तेही धरलं. कानाला कळणार नाही इतका उशीर. त्याच्या मनाचे खेळ आहेत असं मी त्याला सांगितलं. नंतर एका रात्री स्वतःचंच कोड वाचताना दिसलं. एका बटणाला दोन अर्थ दिले, थोडं दाबलं तर एक, जास्त दाबलं तर दुसरा, की खाली पाय पडतो त्या क्षणी यंत्राला कळूच शकत नाही की यातलं कुठलं. त्याला वाट बघावी लागते. म्हणून माझं कोड पाय उचलला जाईपर्यंत थांबायचं. पाय पडून उचलेपर्यंत दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चतकोर १२५. म्हणजे मित्राचा पाय समेवर पडत होता आणि आवाज चतकोर मात्रेहून जास्त उशिरा बदलत होता. तो बरोबर होता. मी आकड्यांनी त्याला खोटं पाडलं होतं, आणि आकडे केबलचे होते, पायाचे नव्हते.

हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी लाँग प्रेस घातलाच नसता असं म्हणायला आवडेल. घातला असता. जास्तीची सोय, तीही लपलेली, वापरायची नसेल तर नका वापरू, असं आम्ही म्हणतो. पण ती नुसती पडून राहत नाही. ती वापरली नाही तरी पहिल्या, उघड्या कामातून वेळ कापून घेते. ज्या माणसाने आयुष्यात कधी बँक बदलली नाही त्याचाही डिले माझ्या खोक्यावर उशिरा लागला असता.

आमच्या धंद्यात वापरणाऱ्याला 'युझर' म्हणतात आणि तो एकच कुणीतरी आहे असं धरतात. प्रत्यक्षात फूट कंट्रोलरची गिऱ्हाइकं दोन असतात. एक घरी बसून, चहा घेत, सोमवारी रात्री सगळं जुळवणारा. त्याला शंभर जागा हव्यात, मेनू हवेत. दुसरा शनिवारी स्टेजवर उभा असलेला, घामाघूम, अंधारात किंवा डोळे दिपवणाऱ्या उजेडात, दोन्ही हात गुंतलेले. दोघांचं नाव एकच, आधार कार्ड एकच. वस्तू विकत घेतो तो सोमवारचा, भोगतो शनिवारचा. मोठ्या बँडांमध्ये काही वेळा पडद्यामागचा तंत्रज्ञच बटणं दाबतो, म्हणजे तिथे सोमवारच्या माणसाला शनिवारीही पगारावर ठेवलेलं असतं. आमच्याकडे ती सोय नव्हती. होतो तो मी, खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत, वडापाव घेऊन.

नवा खोका दिवाळीच्या सुट्टीत केला. या वेळी आधी मित्राच्या घरी गेलो, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्याला डोळे मिटून उभं केलं. "डिले कुठे आहे?" त्याने पाय ठेवला, मी पेनाने खूण केली. "फझ?" खूण. सगळ्या खुणा झाल्यावर त्या सरळ ओळीत नव्हत्याच. उजव्या पायाभोवती एक वाकडा कंस तयार झाला होता, पंख्यासारखा. सुताराकडून त्या आकाराची फळी कापून घेतली. पाच बटणं, पाच दिवे. स्क्रीन नाही, बँक नाही. पाय पडतो त्याच क्षणी निरोप जातो. कोड पहिल्या खोक्याच्या दहाव्या हिश्शाएवढं भरलं आणि ते बघून थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. बटणांवर मित्राने स्वतः बाटलीची झाकणं चिकटवली, एमसील भरून. एकावर बिसलेरीचं, एकावर तेलाच्या कॅनचं मोठं, एक मुद्दाम उलटं. तळव्याला फरक कळावा म्हणून.

तक्रारी आहेत. फळी जड आहे, स्कूटरवर नेताना अडचण होते. एका गाण्यात त्याला तीन गोष्टी एकदम बदलाव्या लागतात, तिथे तो अजून नाचतो. "यासाठी काहीतरी कर ना," असं त्याने दोनदा म्हटलंय आणि माझ्या डोक्यात लगेच बँक सुरू झाली, दोन्ही वेळा.

कंसाच्या मधोमध मी एक जागा मोकळी सोडली होती. सहावं बटण पुढे लागेल म्हणून भोकही पाडून ठेवलं होतं. परवा गेलो तर त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून एक लाकडी ठोकळा बसवलेला. विचारलं, हे काय? म्हणाला, "हा पाट. गाणं संपल्यावर पाय ठेवायला."